आधीचा काऊन गेला?

आमच्या शेजारचे सुधाकरभाऊ मोताळ्याच्या बाजारात बैलाचे दात बघत नाहीत. थेट मालकाला विकण्याचं कारण विचारतात, "काऊन विकून राह्यला?" मालक बैलाचे गुण गाऊ लागतो. भाऊ सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि पुन्हा तेच विचारतात. बैल मात्र त्यांनी आजवर एकही घेतलेला नाही.

एसटीवर नवा कंडक्टर आला, की आधीचा काऊन गेला? दवाखान्यात नवी नर्स आली, की आधीची काऊन गेली? माझ्या चुलतभावासाठी भाऊ भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकाला त्यांनी हाच प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्या वेळी मालकीणबाईच आतून म्हणाल्या, की पावसाळ्यात छत गळतं. भाऊंपुढे लपवाछपवी टिकत नाही, हे मी लहानपणापासून तोंडात बोट घालून बघत आले आहे.

स्वतःबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. वांगी-मिरची पिकवतात, एकटे राहतात. पूर्वी धाड गावी बियाण्यांच्या दुकानात नोकरीला होते, एवढंच गल्लीला ठाऊक.

बी.कॉम. झाल्यावर मी दोन मुलाखतींत आपटले. तिसरी इथल्याच एका कापसाच्या जिनिंग मिलच्या ऑफिसात होती. ही गेली तर मला पुण्याला मावशीकडे धाडायचं घरात ठरलं होतं, आणि मला मोताळा सोडायचं नव्हतं. भाऊंनी आधीच्या दोन्ही मुलाखती माझ्याकडून खोदून काढल्या. शेवटी साहेबांनी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हटलं आणि मी नम्रपणे 'नाही सर' म्हणाले, हे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"पोरी, बैलाचे दात सारेच पाह्यतात. पन खोड बैलाची हाय का गोठ्याची, हे इचारल्याबिगर समजत नाही. तू आधी गोठा इचारजो."

मग वांग्यांचं क्रेट उलटं घालून त्यावर बसून भाऊ साहेब झाले. माझा आवाज कापला की मला फाटकापासून पुन्हा आत यायला लावत. अकरा वेळा आले.

खऱ्या मुलाखतीत मॅनेजरांनीही 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हटलं. मी विचारलं, "माझ्या आधी या जागेवर कोण होतं, आणि त्यांनी नोकरी का सोडली?"

मॅनेजर काही बोलायच्या आतच शेजारचे म्हातारे अकाउंटंट खाकरले आणि त्यांनीच सांगून टाकलं. एक बाई होत्या, चार वर्षं. ऑफिसात बायकांसाठी संडास नाही. त्या समोरच्या घरी जायच्या. ते घर बंद झालं आणि बाईंनी राजीनामा दिला. मॅनेजर पुटपुटले, की त्या कधी बोलल्याच नाहीत. मी म्हणाले, "सर, त्यांना कुणी विचारलं होतं का?" एवढं धाडस माझ्यात कुठून आलं, देव जाणे.

गेली ही नोकरी, असं मानूनच घरी आले. चौथ्या दिवशी फोन आला. पुढच्या महिन्यापासून या, तोवर संडासाचं बांधकाम होतंय. एका प्रश्नाने भिंती उभ्या राहतात, हे मी प्रथमच बघत होते.

पेढे घेऊन धावत भाऊंकडे गेले. ते मिरचीला पाणी देत होते. सगळं ऐकलं, पेढा हातातच धरून ठेवला.

"अन् त्या बाईचं मंग काय झालं?"

मला माहीत नव्हतं.

"पता लाव. चार वर्सं काम केलं तिनं तिथं."

तेव्हा मला लख्ख कळलं, की या माणसाला गोठ्याची पारख वगैरे काही करायची नसते. गेलेल्याची चौकशी कुणीतरी करावी, एवढंच त्याला वाटतं. आणि माझी मलाच लाज वाटली. मी जन्मापासून शेजारी राहत होते.

"भाऊ," मी म्हणाले, "धाडची नोकरी तुमी काऊन सोडली?"

पाणी वाफ्याबाहेर वाहत राहिलं. भाऊंनी जाऊन मोटर बंद केली.

"माय अंथरुनाले खिळली होती," ते म्हणाले. "सतरा वर्सं केली होती तिथं. सोडतो म्हनलं, तं मालक म्हने, चाव्या टेबलावर ठेवून दे. बस, इतकंच."

मग त्यांनी वांग्यांचं क्रेट उलटं घातलं आणि पंच्याने पुसलं. या वेळी ते माझ्यासाठी होतं.

"बस पोरी. येळ लागन."