सहीसाठी अडलेली चाल

"बाबा, सही करा ना. पेन तरी हातात घ्या," लेक म्हणाली आणि तपासनिसांनी पेन हातात घेतलेही. चूक एवढीच झाली, की सही करण्याआधी त्यांनी फॉर्म वाचला.

सत्तावीस वर्षे ते एका कचेरीत लोकांचे अर्ज तपासत होते. तिथे त्यांना कोणी नावाने ओळखत नसे, सगळे तपासनीसच म्हणत. वाचल्याशिवाय सही नाही आणि खात्री पटल्याशिवाय तर नाहीच नाही, हा त्यांचा बाणा. या बाण्यापायी भल्याभल्यांनी कचेरीत खेटे घातले होते. आता पाळी घरातल्या माणसाची होती.

फॉर्म नव्या चालींच्या स्पर्धेचा होता. सतरा वर्षांच्या लेकीने दोन महिने खपून व्हायोलिनवर पाच मिनिटांची एक चाल बांधली होती. अठरा पूर्ण नसल्यामुळे पालकाची सही हवी होती, आणि सहीच्या जागेवर छापले होते, 'ही चाल स्पर्धकाची स्वतःची असल्याची मी खात्री केली आहे.'

"खात्री केली आहे, असं लिहिलंय," तपासनीस म्हणाले. "मी कुठे केलीय?"

"मग करा. वाजवू?"

तिने वाजवली. सुरुवातीचे नऊ सूर टुणटुण उड्या मारत वर गेले, वर एक गिरकी घेतली आणि ऐटीत खाली उतरले. तपासनिसांच्या कपाळावर आठी पडली, ती चाल संपेपर्यंत तशीच राहिली.

"ही चाल मी ऐकलीय."

"ऐकणारच ना! दोन महिने घरात हेच चाललंय."

"तसं नाही गं. व्हायोलिनवर नाही. दुसरीकडे कुठेतरी. वेगळंच वाद्य होतं."

लेकीने व्हायोलिन खाली ठेवले. "म्हणजे मी चोरली?"

"मी असं म्हटलं का? मी म्हटलं, ऐकलीय."

"तेच झालं!" लेक म्हणाली. तिच्या खोलीचे दार धाडकन लागले, आणि त्या सोमवारी संध्याकाळपासून तिने बापाशी अबोला धरला. फॉर्म रविवारी पाचपर्यंत द्यायचा होता.

तपासनिसांना वाईट वाटले, पण त्यांचा नाइलाज होता. पोरगी उद्या स्टेजवर उभी राहणार, आणि समोरून कोणी उठून म्हणाला, की ही अमक्या सिनेमातली चाल, तर? त्यापेक्षा आधी शोधलेले बरे. घरात साठ रेकॉर्डी होत्या. त्या एकेक करून लावायला त्यांनी सुरुवात केली. उरलेल्या वेळात ते नऊ सूर गुणगुणत राहिले. आंघोळ करताना, बुटाची नाडी बांधताना, तोंडात घास असताना. त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली, की बायको हातातले काम टाकून उठे, मागच्या गॅलरीत जाई आणि कपाळावर हात मारून परत येई. आपल्या आवाजाला कंटाळून ती उठते, असे तपासनिसांना वाटले, आणि त्यात त्यांना नवे काही दिसले नाही.

"तुला आठवतंय का गं, कुठली?" त्यांनी बुधवारी विचारले.

"मला मेलीला संगीतातलं काय कळतंय," बायको म्हणाली आणि ताकास तूर लागू दिली नाही.

कचेरीत त्यांनी आठ जणांना चाल ऐकवली. पाच जण एकदम म्हणाले, "हो हो, ऐकलीय!" त्यातला टंकलेखक तर म्हणाला, "साहेब, मला तर वाटतंय मी रोज ऐकतो." कुठे ऐकतो, हे मात्र त्याला सांगता येईना. गुरुवारपर्यंत ती चाल सगळ्या कचेरीला चिकटली. अर्ज घेऊन आलेली माणसे खिडकीतून आत वाकून विचारू लागली, "तुम्ही सगळे हे काय गुणगुणताय? ओळखीचं वाटतंय." त्यांतल्या एका बाईंनी चाल ऐकली मात्र, "अगं बाई!" म्हणून अर्ज तिथेच टाकून त्या घराकडे पळाल्या. त्यांचे काय बिनसले ते कोणालाच कळले नाही.

मग तपासनिसांनी थोरल्या भावाला फोन लावला. थोरल्यांना आयुष्यात 'मला माहीत नाही' हे वाक्य कधी म्हणावे लागले नव्हते.

"सिनेमातली आहे," थोरले छातीठोकपणे म्हणाले. "ती झोपाळ्यावर बसलेली असते, तो झाडामागून येतो. तीनदा पाहिलाय मी."

"सिनेमाचं नाव काय, दादा?"

"नाव विचारू नकोस. झाड कसलं होतं ते विचार, सांगतो."

जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या दुकानदाराने तर दोन दिवस दुकानाला कुलूप लावून आतला माल उपसला. शनिवारी त्याचा फोन आला. "साहेब, मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे. अशी नामुष्की कधी झाली नाही. आमची ही म्हणते ऐकलीय, सून म्हणते ऐकलीय, आणि रेकॉर्ड काही सापडत नाही. परत माझ्या दुकानात येऊ नका."

रविवारी दुपारी तपासनिसांचे डोके पार पिकले होते. फॉर्म टेबलावर होता, पेन त्यावर आडवे होते. लेक बापाकडे पाठ करून खिडकीत बसली होती. ती एकदा वळली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले त्यांना दिसले. तरी त्यांचा हात पेनाकडे जाईना.

"मी हिला जरा बाहेर नेतेय," बायको म्हणाली. "घरात दोघांची दोन दिशांना तोंडं, मला नाही बघवत. चारला येऊ. आणि अहो, कपडे मशीनला लावलेत. झाले की वाळत घाला."

"झाले हे मला कसं कळणार?"

बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ रोखून पाहिले. "कळेल. तुमचे कान तिखट आहेत."

कपडे धुण्याचे ते मशीन दोन-अडीच महिन्यांपूर्वी आले होते आणि लेकीच्या खोलीला लागून असलेल्या गॅलरीत ठेवले होते. तपासनिसांचा त्याच्याशी संबंध वॉरंटीचे कार्ड दोनदा वाचण्यापुरताच होता. एरवी ते कचेरीत गेल्यावरच ते चाले, आणि रविवारी चालले तर पुढच्या खोलीत रेकॉर्डी वाजत असत, त्यांतून कानावर पडेल तेवढेच.

अठ्ठावन्नावी रेकॉर्ड संपली. ती उलटवायला तपासनीस उठले, आणि तेवढ्यात चाल ऐकू आली. तीच. नऊच्या नऊ सूर. ते आनंदाने ओरडणार होते, पण सुई तर वर होती. त्यांनी रेडिओ पाहिला, बंद. लेकीच्या खोलीत डोकावले, व्हायोलिन पेटीत. मिनिटभराने चाल पुन्हा वाजली. आवाजाच्या मागावर ते गॅलरीत आले.

मशीनचा हिरवा दिवा उघडझाप करत होता. तपासनीस समोर उभे राहिले. मशीनने तिसऱ्यांदा, अजिबात घाई न करता, टुणटुण वर जाऊन गिरकी घेतली आणि ऐटीत खाली उतरले. आठवडाभर त्यांनी ज्याच्यासाठी शहर पालथे घातले, तो मूळ संगीतकार लेकीच्या भिंतीपलीकडे पोटात कपडे घेऊन उभा होता.

त्यांनी कपडे काढले आणि वाळत घातले, चादर दुमडून आणि पायमोजे एकेकटे. डोक्यात विचार चालूच होते. पोरीने चोरली नव्हती, तिला कळलेही नसणार. रोज भिंतीतून कानावर पडले आणि बोटांत उतरले. नऊ सूर मशीनचे खरे. पण त्यापुढची पाच मिनिटे? ती काही या डब्याला जमली नसती. ती संपूच नयेत असे सोमवारी आपल्याला वाटले होते, हे त्यांना आत्ता आठवले. त्या वेळी ते आठी पाडण्यात गुंतले होते.

ते टेबलाशी आले. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत नियम होते. सातवा नियम त्यांनी चष्मा पुसून वाचला. 'चाल कोणत्याही चित्रपटातून, नाटकातून, रेकॉर्डवरून अथवा अन्य व्यक्तीकडून घेतलेली नसावी.' त्यांनी तो चार वेळा वाचला. चित्रपट नाही, नाटक नाही, रेकॉर्ड तर नाहीच, हे सिद्ध करायला अठ्ठावन्न पुरावे होते. व्यक्तीही नाही. अशाच बारीक अक्षरांचे बोट धरून त्यांनी सत्तावीस वर्षे माणसे परत पाठवली होती. आज पहिल्यांदाच त्यांनी ती कोणाला तरी आत घ्यायला वापरली. त्यांनी ठसठशीत सही केली.

चार वाजता लेकीने फॉर्म उचलला, सही पाहिली आणि ती धावतच बाहेर पडली.

"तुला माहीत होतं," तपासनीस बायकोला म्हणाले.

"मंगळवारी कळलं. तुम्ही गुणगुणता, मी उठते, मागे जाते, तर मशीन बंद! निम्म्या शहरात हेच मशीन आहे हो."

"मग सांगायचं नाही का? आठवडाभर मी वेड्यासारखा..."

"सांगितलं असतं तर तुम्ही फॉर्मवर शेरा मारला असता. आणि पोरीने व्हायोलिन माळ्यावर टाकलं असतं." बायकोने गॅलरीतल्या चादरीकडे पाहून सुस्कारा सोडला. "तिला यातलं अवाक्षर कळता कामा नये. आणि आजपासून कपडे तुमच्याकडे. चाल तुम्हाला पाठच आहे."

त्यानंतर तीन आठवडे रोज सकाळी मशीनने बोलावले, की तपासनीस हातातला पेपर टाकून गॅलरीकडे धावत. चादर आता सरळ पडू लागली होती. लेक 'हो', 'नाही' आणि 'ठेवा तिथे' एवढेच बोलत होती.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरले होते. लेक शेवटून दुसरी. तिने वाजवायला घेतले आणि पहिल्या नऊ सुरांना प्रेक्षकांत थोडी चुळबूळ झाली. एका बाईंनी पर्स उचलून पुन्हा खाली ठेवली. मग चाल पुढे निघाली, आणि सगळे गप्प झाले. तपासनिसांना तर आपण कुठे आहोत याचाही विसर पडला. चाल वळणे घेत घेत शेवटाकडे आली, थांबली, आणि अगदी हळू, एकेक करत, तेच नऊ सूर पुन्हा उतरले.

तपासनीस ताडकन उठून उभे राहिले आणि दाराकडे दोन पावले चाललेही.

"अहो! घरचं मशीन बंद आहे!" बायको दातओठ खात कुजबुजली.

ते जागच्या जागी थबकले. मागच्या रांगेतल्या तीन-चार बायकाही उठल्या होत्या. एक माणूस उठला, का ते त्यालाही ठाऊक नसावे. इतके लोक उभे राहिलेले पाहून बाकीचे उठले, शेवटी परीक्षकही उठले, आणि सगळे सभागृह टाळ्या वाजवू लागले. तपासनिसांनीही मग जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

लेकीला दुसरा नंबर मिळाला. बक्षीस हातात घेऊन ती गर्दीतून वाट काढत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, तुम्ही सगळ्यांच्या आधी उठलात. मी स्टेजवरून बघितलं."

तपासनिसांनी बायकोकडे पाहिले. ती छताकडे पाहत होती. खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"उठलो गं," ते लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "बसवेचना."