तीसपैकी तेहेतीस

टाकीत एक मासा कमी भरला. मास्तरांनी पुन्हा मोजले. एकोणतीसच.

मास्तर म्हणजे संशोधक. सारखे वहीत लिहीत म्हणून बोटीवर हे नाव पडलेले. जाळ्यात आलेले लहान मासे समुद्रात परत टाकले तर जगतात का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी असे तीस चपटे मासे डेकवरच्या टाकीत पाच दिवस ठेवायचे होते. जगले, तर परत टाकायची मुभा राहणार. मेले, तर परत टाकायला बंदी; प्रत्येक पिल्लू बंदरापर्यंत वाहून न्यायचे, आणि बोटीत तेवढी जागाच नव्हती. माशांना खुणेचा बिल्ला टोचायला मास्तरांचा हात धजला नव्हता.

"मास्तर, आमची लेकरं बरी आहेत ना?" कप्तानाने चौथ्यांदा विचारले.

"आहेत, आहेत," म्हणत मास्तरांनी वहीत 'तीस' लिहिले आणि ते मान खाली घालून नुकत्याच ओढलेल्या जाळ्याकडे गेले.

त्यानंतर त्यांना चैन पडेना. घास अर्धा टाकून उठत, पंपाला कान लावत, पाण्यात बोट बुडवत.

"अहो, जेवा तरी!" स्वयंपाकी ओरडे. "मासे काय पोहून घरी जाणार आहेत?"

पण टाकीजवळून जाताना तोही ओठांतल्या ओठांत मोजे. कप्तानही.

पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर एकेक मासा जाळीने बादलीत काढला.

"एकोणतीस, तीस!" कप्तानाने टाळी वाजवली. "सगळे जिवंत!"

जाळी पुन्हा आत गेली. "एकतीस," मास्तर पुटपुटले. "बत्तीस. तेहेतीस."

टाळी थांबली. तळाशी मासे ताटल्यांसारखे एकावर एक बसायचे. वरून पाहणाऱ्याला दोन-तीन कमीच दिसणार!

"एक मी टाकलेला," कप्तान खाकरला. "मला एकोणतीसच दिसले होते."

"मलापण," स्वयंपाकी म्हणाला. "म्हटलं, मास्तरांना कशाला घोर!"

"मेलेला कुणी काढला का?" मास्तरांनी विचारले.

"एकही नाही, शप्पथ!" दोघे म्हणाले.

म्हणजे तीसही जगले होते. फक्त हे पटवायला अहवालात तिघांची लबाडी लिहावी लागणार होती.

"दोन आमचे," कप्तान बोटे मोजत म्हणाला. "मग तिसरा कुणाचा?"

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी वही उघडली आणि लबाडांच्या यादीत पहिले नाव स्वतःचे लिहिले.