साळवेकाकांचा रोजचा चहा

साधा चहा कसा करायचा हे मी साळवेकाकांना रोज संध्याकाळी सांगायचे, आणि ते रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकायचे. "साखर आधी की पत्ती आधी?" हा प्रश्न तर ठरलेलाच. मी व्यायामाच्या सायकलवर बसून पॅडल मारतेय आणि काका समोर प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेत, असा आमचा थाट.

आम्हा दोघांतलं वेडं कोण, असं तुम्हाला वाटेल. सांगते.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. मी जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला. वडिलांकडून मला दोन गोष्टी आल्या, नाक आणि स्नायूंचा आजार. नाकाने काही त्रास दिला नाही, पण तिशीच्या आतच मांड्यांतली ताकद कमी व्हायला लागली. जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढायचे. जिना सुटला की काम सुटणार, आणि मग मी कायमची खाटेवर, हे मला लख्ख दिसत होतं. रात्रंदिवस तीच भीती. आई म्हणायची, बसून राहा, आहे ती ताकद जपून वापर. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी आधी हृदय-बिदय तपासलं आणि उलटंच सांगितलं. नुसत्या बसून राहिलात तर आहे तेही जाईल. रोज थोडी हलकी सायकल चालवा, पण बोलता येईल इतपतच. दम लागून वाक्य तुटलं की वेग कमी करा.

भावाने एका बंद पडलेल्या जिममधली सायकल उचलून आणली. घरात ठेवायला जागा नाही म्हणून ती गॅलरीत आली, नेमकी साळवेकाकांच्या दारासमोर. काका अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले, काकू जाऊन बरीच वर्षं लोटलेली. बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी फ्रिज आला तरी तो कुठल्या भिंतीला लावायचा हे काकाच ठरवणार. त्यांनी विचारलं, बोलता येईल इतपत म्हणजे नक्की काय बोलायचं? मी म्हटलं, काहीही. काहीही हे उत्तर काकांना चालत नाही.

मग पद्धत त्यांनीच लावली, पॅडल मारता मारता एकेक पदार्थ कसा करायचा ते सांगायचं. अंग गरम होईपर्यंत चहा. मग पोहे. पोहे धाप न लागता जमायला लागले की मसालेभात, त्यापुढे भरली वांगी. आणि शेवटी ताक, म्हणजे पाय हळूहळू थांबवायचे. मध्येच माझा आवाज जरा अडकला की काका डोळे न उघडता म्हणायचे, "गॅस बारीक." की मी वेग कमी करायचे.

शेजारच्या सिंधी भाभीला वाटलं, मी कुकिंग क्लास काढलाय. तिनेही खुर्ची आणली आणि माझ्या प्रत्येक भाजीत "इसमें थोडा अमचूर डाल" सुरू केलं. कारखान्यातल्या बायका विचारायच्या, आज कुठवर पोचलीस? मी ऐटीत सांगायचे, भरल्या वांग्यांपर्यंत.

ती ऐट नडली. एकदा भाभीसमोर मी एका दमात पुरणपोळीला हात घातला. काका दोनदा म्हणाले गॅस बारीक, पण ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी मांड्या अशा ठणकल्या की मोरीतल्या पाटावरून आईने उठवलं. काका रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "परत चहा." आणि पुढे कित्येक दिवस नुसता चहा आणि ताक. मी जाम वैतागले. ज्याला साधं वरण येत नाही तो माणूस मला फोडणी देऊ देत नाही, म्हणून आईपाशी कुरकुर केली.

मग मला ताप आला. सायकल बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकांनी स्वतःच्या हातचा डबा आणून दिला. सुकटीची चटणी, आमटी आणि पापुद्रा सुटलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. आईने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघत राहिली. भाकरी तिच्यापेक्षा चांगली होती, आणि हे माझी आई सहजासहजी कबूल करणारी बाई नाही.

ताप उतरल्यावर मी भिंत धरत काकांच्या दारात गेले. म्हटलं, काका, तुम्हाला तर सगळं येतं. मग रोज मला का बोलायला लावता?

काका पोळपाट पुसत होते. पुसतच राहिले.

"तुझ्या काकूलाही पायांचं असंच होतं," ते म्हणाले. "तिच्या माहेरी दोघा भावांना होतं. तेव्हा सगळे सांगायचे, आराम द्या. मी तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. ती खाटेवरून सांगायची, मी करायचो. असाच शिकलो. पुढे पुढे तिला फोडणी यायच्या आतच दम लागायचा. उरलेलं मी अंदाजाने करायचो."

मी उंबऱ्यावर टेकले.

"तू ताकापर्यंत सांगतेस ना," काका म्हणाले, "बरं वाटतं पूर्ण ऐकायला."

त्या दिवशी मी त्यांच्या दारातच बसून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

आजार गेलेला नाही, जाणारही नाही. पण जिना मी अजून स्वतःच्या पायांनी चढते, कठड्याला नुसता हात लावून. कामही टिकलंय. डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसणारा माणूस नसता तर त्या सायकलवर आईने कपडे वाळत घातले असते.

दारात रडले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सायकलवर बसले. काका खुर्चीत बसले, डोळे मिटले. मी म्हटलं, काका, आधी पातेल्यात पाणी ठेवायचं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोघांपुरतं," मी म्हटलं, आणि पॅडल मारायला लागले.