शेषरावमामांचं मानी मलम

शेषरावमामांना कुठलंही साल विचारा, ते डाव्या हाताची बाही वर करतात. मनगटापासून कोपरापर्यंत काळपट डागांची रांग आहे. "पाण्याची टाकी कवा बांधली? थांबा." मग बोट फिरत फिरत एका डागावर येऊन थांबतं. "हा बघा. त्याच उन्हाळ्यातला हाय." माझ्या लग्नाच्या महिन्याचा डाग त्यांच्या मनगटाजवळ आहे. माझ्या नवऱ्याला तो महिना कधीच आठवत नाही, मामांना पक्का ठाऊक.

हे डाग मलमाचे. मामा बिब्ब्याच्या तेलात कसल्या कसल्या मुळ्या टाकून, हळद शिजवायच्या जुन्या कढईत काळंकुट्ट मलम करायचे. नवा घाणा निघाला की आधी आपल्या डाव्या हातावर लावून बघायचा, मगच डब्यांत भरायचा. उजव्या हाताची बाही मात्र मी कधी वर गेलेली पाहिली नव्हती. कुरुंद्याच्या पुढचं आमचं गाव. उन्हाळ्यात अंगावर कपडा नकोसा होतो, तरी त्या बाहीचं बटण लावलेलंच. माणूस एकटा. बायको मी या गावात नांदायला यायच्या आधीच गेलेली.

मी गावातल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर. म्हणजे मलम मामांचं आणि निस्तरायचं मी. पायाचं कुरूप असो, चामखीळ असो, मामांची डबी हजर. आणि बिब्बा उतला की टरारून आलेले फोड घेऊन माणूस माझ्या दारात.

"मामा, माणसं भाजून काढता हो तुम्ही!"

"मलमाची चूक न्हाई, सिस्टर. त्यानं वांगं खाल्लं. आमचं मलम लई मानी हाय. पथ्य मोडलं की रुसतंय."

रुसतंय म्हणे! धोंड्याला बोलावलेला जावई आहे का तो? पण पथ्यांची यादी खरंच जावयाच्या मानपानासारखी होती. वांगं नाही, ताक नाही, मंगळवारी डोकं धुवायचं नाही, डबी दक्षिणेला ठेवायची नाही, आणि मलम लावताना कुणाची चहाडी करायची नाही. या शेवटच्या पथ्यापायी अर्ध्या गावाचं मलम वाया जायचं.

इथवर मी हसून सोडलं असतं. पण त्यांच्याकडे पार कनेरगाव नाक्याहून लोक गाठींसाठी यायचे. ते ऐकलं की माझं डोकंच सणकायचं. असलं जाळणारं मलम गाठीवर लावलं की वरची कातडी करपते, काळी खपली धरते. ती खपली पडली की माणसाला वाटतं, कॅन्सर मुळासकट गळून पडला. खाली गाठ आपली वाढतच असते. कुठल्या कुठल्या मलमवाल्यांकडून आलेल्या अशा दोन बायका मी पाहिल्या होत्या. दोघींनाही उशीर झाला होता. मी मामांशी कडाकडा भांडायचे. ते "व्हय, व्हय" म्हणत चहा टाकायचे.

आणि मग एके दिवशी गाठ आमच्याच घरात निघाली. माझ्या सासूबाईंच्या, आत्याबाई म्हणते मी त्यांना, छातीत. घरात नर्स असून बाईंनी दोन महिने लपवली होती!

"आत्याबाई, औरंगाबादला जाऊ. वेळेत गेलं तर बरं होतं हे."

"तुला तर कापाकापीच सुचती. मला शेषरावचं मलम बास हाय."

तीन आठवडे मी समजावलं, रडले, भांडले. नवरा मातृभक्त, गप्प. एका सकाळी ड्यूटीवर कळलं की आत्याबाई मामांच्या ओट्यावर जाऊन बसल्यात. मी ॲप्रन न काढता धावत सुटले.

मामा खाली मान घालून ऐकत होते. गाठीला त्यांनी हात लावला नाही. वांग्यापासून चहाडीपर्यंत सगळी पथ्यं सांगून झाल्यावर म्हणाले, "आन् गाठीला अजून एक पथ्य हाय, वैनी. मोठ्या दवाखान्यात सुई घालून तपासतेत, त्याचा शिक्क्याचा कागद आणायचा. डाक्टर म्हणल ते समदं आधी. कापणं, टाके, विजेचा शेक, समदं. मंग डबी उघडायची. आधी उघडली की मलम रुसलं म्हणून समजा."

"पथ्य हाय म्हणल्यावर करावंच लागंल," आत्याबाई म्हणाल्या.

माझं सगळं शिक्षण एका पथ्यानं गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत आत्याबाई खिडकीशी, मी मधे, आणि पलीकडे मामा, मांडीवर डबी घेऊन. "तुम्ही काहून?" "मलम एकटं जात न्हाई."

ऑपरेशन झालं, शेक झाला. आत्याबाई खडखडीत बऱ्या झाल्या. डबी तेवढे महिने देवापुढं होती. ती उघडायच्या दिवशी मी आधी झडप घातली आणि वास घेतला. बिब्ब्याचा पत्ता नाही. बोटावर घेऊन चाटलं. साजूक तूप आणि हळद!

आत्याबाई ते लावून गावभर सांगत सुटल्या, "शेषरावच्या मलमानं वाचले." माझा नुसता तिळपापड. तशीच गेले मामांकडे.

"तूप आणि हळद, मामा? लोकांना सरळ सांगा ना, दवाखान्यात जा म्हणून! खोटं काहून बोलता?"

"सरळ सांगितलं तर दुसऱ्या मलमवाल्याकडं जातेत, सिस्टर. त्याचं मलम खरं असतंय."

मामांनी चहा टाकला. मग पाठमोरेच विचारते झाले, "वैनीला लई दुखलं का हो?"

"भूल देतात, गोळ्या असतात. सोसवतं."

"बरं झालं. बरं झालं."

आणि त्यांनी उजव्या बाहीचं बटण काढून बाही वर सारली. दंडावर तळहाताएवढा वण होता, कातडी चुरगळून आवळलेली.

"हा कुठल्या सालचा?" मी सवयीनं विचारून गेले.

"आमची मंडळी गेली त्या सालचा. गाठच व्हती. एकवीस दिवस मलम लावलं म्या. खपली पडली तवा गावात पेढे वाटले." त्यांनी वणावरून बोट फिरवलं. "ती म्हणायची, न्हाई दुखत, लावा तुमी. ती गेल्यावर म्या बी तेवढंच लावून पाहिलं. तिसऱ्या दिशी पुसून टाकलं. सोसंना, सिस्टर."

मला रडू फुटलं. इतकी वर्षं मी या माणसाला काय काय बोलले होते. बाही खाली केल्यावर त्यांना बटण लागेना. मी लावून दिलं.

तेवढ्यात दारात औंढ्याकडची एक बाई येऊन उभी राहिली, पदराखाली हात दाबून धरलेला. "मलमवाले मामा हितंच राहतेत का?" मामा उठायला लागले. मीच पुढे झाले.

"बसा, मावशी," मी म्हटलं. "वांगं बंद करा. आणि आधी सुईचा कागद. आमचं मलम लई मानी आहे."