वाजला म्हणजे वाजला

देवासच्या एका लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली असताना गुरुजींच्या उपरण्याखाली मोबाईल वाजला. गुरुजींनी सूर न सोडता एका हाताने कमरेशी चाचपायला सुरुवात केली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे राहिले. त्यांनी उजवा हात वर केला आणि शांतपणे सांगितलं, "गुरुजी, डाव गेला."

लग्न व्हायचं ते झालं. मुलीचे वडील मात्र सहा महिने त्या गृहस्थांशी, म्हणजे आमच्या नानांशी, बोलले नाहीत. नानांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की वाजला म्हणजे वाजला.

नाना पुराणिक आमच्याच गल्लीत राहतात. नोकरीभर पाटबंधारे खात्यात त्यांनी नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर बुद्धिबळाच्या स्पर्धांचे पंच झाले. डाव चालू असताना खेळाडूचा मोबाईल वाजला की तो खेळाडू हरला, असा बुद्धिबळात नियम आहे. बाकीचे पंच तो नियम सांगतात. नाना तो पाळतात. या देशात सांगणं आणि पाळणं यांच्यामध्ये केवढं अंतर असतं ते मी काय सांगू, म्हणून मी नानांची मदतनीस झाले.

स्पर्धेआधी ते छोटं भाषण करत. आमच्याकडे अर्धा हॉल मराठी बोलणारा आणि उरलेला मराठी समजणारा, त्यामुळे भाषण मधल्या वाटेने जाई. "भिया लोग, मोबाईल बंद. सायलेंट नहीं, व्हायब्रेट नहीं. बंद म्हणजे बंद." मग बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा प्रत्येकापुढे फिरे आणि सगळे मोबाईल त्यात जमा होत. ज्यांना आपला मोबाईल प्राणाहून प्रिय होता ते तो खिशात लपवत. ते नानांचं खरं गिऱ्हाईक.

एकदा उद्घाटनाला एक मोठे अधिकारी आले. रीतीप्रमाणे त्यांनी पहिल्या पटावर राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं, फोटोसाठी हसले, आणि त्यांचा मोबाईल वाजला. नानांनी घड्याळ थांबवलं. "साहेब, आपण हरलात." साहेब हसत म्हणाले की मी तर फक्त उद्घाटन केलं. नाना म्हणाले, "चाल केली ना? मग डाव सुरू झाला." आयोजकांचे चेहरे पांढरे पडले. समोर बसलेल्या मुलीला उगीचच एक गुण मिळाला. मला तो दिवस फार आवडला.

नानांचं सगळ्यात मोठं तत्त्व म्हणजे कारण ऐकायचं नाही. बायकोने भाजी विचारली, दुकानात गिऱ्हाईक आलं, मोबाईल आपोआप चालू झाला, ही कारणं लोक सांगायला लागले की नाना हात वर करत. "का वाजला ते पंच विचारत नाही." एकदा धार जिल्ह्याच्या पार टोकाच्या डही गावाहून एक शिक्षक अख्खा दिवस बस बदलत बदलत देवासला आले. पहिल्याच फेरीत, नवव्या चालीला, त्यांचा मोबाईल वाजला. घरून आई विचारत होती, पोहोचलास का? नाना त्यांना म्हणाले, "सांगा आईला, पोहोचलो आणि हरलो." नंतर दुपारी मी पाहिलं तर ते शिक्षक नानांच्याच डब्यातली पोळीभाजी खात होते आणि नाना शेजारी उपाशी बसून त्यांना तो हरलेला डाव पुढे कसा जिंकता आला असता ते दाखवत होते.

नाना मला क्रांतीबाई म्हणतात. मी पाण्यावर, रस्त्यांवर, शाळांच्या गळक्या छपरांवर पत्रकं काढते, त्यावरून. माझं खरं नाव त्यांना आठवत असेल असं वाटत नाही. काकू गेल्यापासून त्यांच्या घरात नाना, एक भिंतीवरचं घड्याळ आणि विणलेल्या रुमालाखाली झाकलेला जुना लँडलाइन फोन, एवढीच मंडळी. मोबाईल त्यांनी कधी घेतलाच नव्हता. बैठकीत कोपऱ्यातल्या तिवईवर एक पट मांडलेला असे, डाव अर्धवट आणि वर भाजी झाकायची जाळी. नाना रोज जाळी काढून एकेक सोंगटी पुसत आणि अचूक त्याच घरात परत ठेवत. हे काय कोडं आहे का, असं मी एकदा विचारलं. "डाव आहे," ते म्हणाले. चाल कुणाची, असं विचारल्यावर म्हणाले, "समोरच्याची." समोर भिंत होती.

आणखी एक विक्षिप्तपणा म्हणजे पाच ते साडेपाच नाना घराबाहेर पडत नसत. हॉलला आग लागली तरी साडेपाचनंतर या, असं ते सांगतील अशी आमची खात्री होती.

आता भाऊसाहेबांचं सांगायला हवं. धार आणि देवास इथल्या मराठी मंडळांचा दरवर्षी बुद्धिबळाचा सामना होतो, एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. पहिल्या पटावर चाळीस वर्षं आमचे नाना आणि धारचे भाऊसाहेब मोहिते. सामना संपला की दाल-बाफल्यांचं जेवण, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे, आणि त्या जेवणाची एक जुनी रीत आहे. जो जिंकेल त्याने हरलेल्याला स्वतःच्या हाताने, आग्रह करून वाढायचं. हरलेल्याने नाही म्हणायचं नाही. तुपात बुडालेला तिसरा बाफला पानात पडला की राग धरायला पोटात जागाच उरत नाही.

तीन वर्षांपूर्वी सामना देवासला होता. भाऊसाहेबांकडे एक हत्ती जादा होता आणि डाव त्यांनी जिंकल्यातच जमा होता. तेवढ्यात त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात मोबाईल वाजला. मुलीचा फोन होता. नात झाली होती. त्या दिवशी पंच दुसरेच होते, भले गृहस्थ. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. नानांनी स्वतः घड्याळ थांबवलं आणि पंचांना हाक मारली. पंच हळूच म्हणाले, नाना, आनंदाची बातमी आहे, सोडा की. नाना म्हणाले, "मित्रासाठी वेगळा असेल तर तो नियम नव्हे, ती ओळख."

डाव नानांना मिळाला. जेवणाच्या वेळी नाना वाढायला बाफल्यांचं ताट घेऊन उभे राहिले, तर भाऊसाहेब चपला घालत होते. "हा वाजलेला डाव आहे नाना, जिंकलेला नाही. याचं मी जेवत नाही." गाडी निघून गेली तरी नाना ताट घेऊन उभेच होते. आम्हाला वाटलं, दुसऱ्या कुणाला वाढायचं याचा विचार करताहेत.

मला मात्र नानांचं ते नियम आणि ओळखीचं वाक्य इतकं आवडलं की त्या महिन्यातल्या पत्रकाच्या डोक्यावर मी ते मोठ्या अक्षरांत छापलं. एक प्रत धारला पोहोचली. कुणी पोहोचवली ठाऊक नाही. पुढची दोन वर्षं भाऊसाहेब सामन्याला आले नाहीत. नाना आले, समोर जो असेल त्याला हरवलं, त्याला वाढलं आणि स्वतः दोन घास खाऊन उठले.

यंदा सामना धारला होता. धारच्या मंडळाला पहिल्या पटासाठी माणूस मिळेना, म्हणून मंडळींनी भाऊसाहेबांच्या घरी जाऊन त्यांना उचलूनच आणलं. पंच मी होते. मी डबा फिरवला, सगळ्यांचे मोबाईल घेतले. भाऊसाहेबांनी तर मोबाईल घरीच ठेवला होता आणि दोन्ही खिसे बाहेर ओढून मला दाखवले. नानांपुढे मी डबा नेलाच नाही. ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याला काय विचारायचं?

दोघांनी एकमेकांकडे न बघता हात मिळवले आणि डाव सुरू झाला. तासाभरात नानांकडे एक हत्ती जादा होता. भाऊसाहेबांचे कान लाल झाले होते. मला कळत होतं की आता नाना जिंकणार, भाऊसाहेब पुन्हा चपला घालणार आणि यानंतर कधीच येणार नाहीत. पण मी पंच होते. पंचाने इच्छा धरायची नसते.

आणि हॉलमध्ये कोंबडा आरवला.

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. धारला कोंबड्यांची कमतरता नाही. कोंबडा पुन्हा आरवला, या वेळी अगदी जवळून. मी एकेका पटाशी जाऊन ऐकत ऐकत पहिल्या पटाशी पोहोचले. कोंबडा नानांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

नानांनी स्वतः घड्याळ थांबवलं. मग उजवा हात वर केला. "पंच, माझा वाजला."

मी म्हणाले, "नाना, तुमच्याकडे मोबाईल?"

"वाजला म्हणजे वाजला. लिहा शून्य."

मी लिहिलं. हॉलमध्ये आधी कुणीतरी खुसखुसलं, मग धारची सगळी मंडळी पोट धरून हसायला लागली. चाळीस वर्षांत देवासचा असा पराभव त्यांनी पाहिला नव्हता. नानांना तो कोंबडा बंद करता येईना, म्हणून मी मोबाईल घेऊन डब्यात टाकला. बरोबर पाच मिनिटांनी डब्यातला कोंबडा पुन्हा आरवला. मी झाकण उघडलं. फोन आलेलाच नव्हता. पडद्यावर लिहिलं होतं, अलार्म, अकरा चाळीस.

मी झाकण लावलं. रीतसर त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

जेवणाला भाऊसाहेब बाफल्यांचं ताट घेऊन आले. जिंकलेल्याने वाढायचं म्हणजे वाढायचं, त्याला काही इलाज नव्हता. ते नानांच्या पानासमोर खूप वेळ उभे राहिले. मग एक बाफला ठेवला आणि त्यावर तुपाची वाटी रिकामी केली.

"मोबाईल कधी घेतला?"

"गुरुवारी."

"एवढ्या मोठ्यांदा?"

"कमी कसा करायचा ते येत नाही." नानांनी मान खाली ठेवूनच विचारलं, "नात कशी आहे?"

"तीन वर्षांची झाली. सगळ्यांचे फोन तीच उचलते." भाऊसाहेबांनी दुसरा बाफला ठेवला. "हत्ती जादा होता तुमच्याकडे."

"होता."

"तो पट अजून मांडलेला आहे?"

"आहे."

"माझी चाल राहिली आहे," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी तिसरा बाफला ठेवला. नानांनी तिन्ही खाल्ले.

परतताना जीपमध्ये नानांनीच मला सांगितलं. सामन्यातला डाव वेगळा, पण वर्षभर हे दोघे फोनवर खेळत. रोज पाच वाजता धारहून फोन यायचा. भाऊसाहेब चाल सांगायचे, नाना उत्तराची चाल सांगायचे, आणि दोघेही आपापल्या पटावर सोंगट्या हलवायचे. बाकी काही बोलत नसत. नात झाली त्या दिवसापासून तो डाव तसाच थांबला होता.

तरीही तत्त्व ते तत्त्व. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नियमांचं पुस्तक घेऊन नानांकडे गेले. म्हटलं, मुद्दाम हरणं हाही गुन्हा आहे.

"आहे ना," नाना म्हणाले. तिवईवरची जाळी काढून ठेवलेली होती. "आधी वाटलं, एखादी चुकीची चाल खेळू. इथे पटावर मांडूनही पाहिलं. हात उठेना गं. चाळीस वर्षं समोर बसलेल्या माणसाला खोटी चाल कशी द्यायची? मग नियमाचाच आधार घेतला."

"पण अलार्म तुम्ही लावला होता. मला हे दोन्ही मंडळांना कळवावं लागेल."

"कळव. मोबाईल वाजला की नाही?"

"वाजला."

"का वाजला ते पंच विचारत नाही, क्रांतीबाई."

मी पुस्तक उघडलं. या प्रश्नावर त्यात काही असेल तर ते मला त्या संध्याकाळी सापडलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. नानांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, खुर्ची पुढे ओढली आणि फोनवरचा विणलेला रुमाल काढून त्याची नीट घडी घातली.

फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. नाना हलेनात.

"नाना, फोन," मी म्हणाले.

नानांनी उजवा हात वर करून मला थांबवलं.

"जरा वाजू दे."