सोळा बिऱ्हाडं, एक अंजीर

भविष्यवाणी खरी होण्यातली सर्वांत मोठी अडचण म्हणजे अंमलबजावणी. देव बोलून मोकळा होतो. पुढचं सगळं कमिटीला निस्तरावं लागतं.

इस्राएल पुन्हा आपल्या भूमीत नांदेल, तेव्हा जो तो आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि आपापल्या अंजिराखाली बसेल आणि त्याला कोणी घाबरवणार नाही, असं संदेष्ट्यांनी सांगून ठेवलंय. जेरुसलेममधल्या आमच्या इमारतीने परत येण्याचं काम केव्हाच उरकलं होतं (कुर्दिस्तानातून चार बिऱ्हाडं, मोरोक्कोतून सात, रशियातून पाच). राहिलं होतं फक्त बसणं. बिऱ्हाडं सोळा, अंजीर एक. द्राक्षवेल गॅसच्या पाइपावर चढायची, म्हणून ती आधीच सुरक्षिततेसाठी काढून टाकली होती.

अंजिराखाली तळमजल्यावरचे बराझानी आजोबा बसत. वय शहाऐंशी. झाड त्यांनीच लावलेलं. रोज दुपारी चारला पत्र्याची खुर्ची, वेलदोड्याची कॉफी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक: "अरे ये, बस जरा. कुठं आग लागलीय?" पन्नास वर्षं हे असं चाललं होतं, विनापरवाना.

अध्यक्ष यिगाल ताबीब यांनी सभेत नेमकं बोट ठेवलं. "आपापल्या, असं म्हटलंय. बराझानींच्या नव्हे. पंधरा बिऱ्हाडांची भविष्यवाणी हा म्हातारा एकटा अडवून बसलाय."

आपला उद्धार दोन हजार वर्षं अडलाय कुठे ते एकदाचं कळलं, आणि ते ठिकाण लिफ्टच्या शेजारीच निघालं, याचा आम्हाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी चिटणीस. मी लगेच सावली मोजली: अठरा चौरस मीटर. भागिले सोळा केल्यावर धड मांडी घालायला जागा उरेना, म्हणून पाळ्या लावल्या. बराझानींची मंगळवारी, चार दहा ते चार बत्तीस. 'कोणी घाबरवणार नाही' या पोटकलमासाठी शिट्टीवाला रखवालदार नेमला. पाळी संपली की तो अशी शिट्टी फुंकायचा, की रशियातून आलेल्या ल्युद्मिलाबाईंनी दोनदा कॉफी अंगावर सांडून घेतली. (शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याला, शिट्टी चालत नाही. त्या दिवशी तो नुसता रोखून बघायचा.)

"मला आजवर इथं कोणी घाबरवलं नव्हतं रे," आजोबा म्हणाले. मी ते इतिवृत्तात घेतलं.

तरी अंजीर 'आपापलं' होईना. तेव्हा ठराव क्रमांक नऊ: झाड तोडून सोळा कुंड्यांत सोळा रोपं लावावीत. फळझाड तोडायला शास्त्राची बंदी आहे. पण अंजिरात अळ्या निघतात म्हणून आम्ही ते खातच नव्हतो, तेव्हा ते फळझाड नव्हे. ठराव एकमताने मंजूर झाला (पंधरा विरुद्ध एक, एक मत भावनिक असल्याने धरलं नाही).

आता प्रत्येकाचं आपापलं अंजीर आहे, गुडघ्याएवढं. सावलीला सात वर्षं लागतील. तोवर आजोबा त्र्याण्णवचे होतील.

काल चारला त्यांनी कुंडी क्रमांक एकपाशी भर उन्हात खुर्ची मांडली. मला बघून म्हणाले, "अरे ये, बस जरा."

मला जरा घाई होती. घरी येऊन सहज पोथी चाळली, तर दुसऱ्या एका संदेष्ट्याने लिहिलेलं सापडलं: त्या दिवशी जो तो आपल्या अंजिराखाली शेजाऱ्याला हाक मारून बोलावील. म्हणजे पन्नास वर्षं भविष्यवाणी रोज दुपारी चारला खरी होत होती आणि आम्ही तिला 'नंतर येतो' म्हणत होतो.

वाचक महाशय, तुम्ही मजेत हसताय, हसा. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने शेवटची हाक मारली, तेव्हा तुम्ही काय कारण सांगितलंत, तेवढं फक्त कळवा. इतिवृत्तात घ्यायचंय.