छत्तीसची कंबर

प्राध्यापकांची नवी पँट कमरेवर येऊन अडली. त्यांनी श्वास रोखला, पोट आत ओढलं, तरी काज आणि बटण यांच्यात दोन इंच उरलेच.

"मास्तर, हे काय? पंधरा दिवसांवर माझं व्याख्यान आलंय!"

टेलरमास्तरांनी चष्मा सावरत बटणाकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी शिवलेला एकही कपडा परत आला नव्हता. त्या एका गोष्टीवर ते ताठ मानेनं फिरत.

"माप छत्तीसच होतं, सर. पोट वाढलं असेल."

"आठ दिवसांत? विश्व प्रसरण पावतंय मास्तर, मी नाही!" प्राध्यापकांना विषयच सापडला. "दूरदूरच्या दीर्घिका एकमेकींपासून लांब पळताहेत. पण एकेका दीर्घिकेतल्या ताऱ्यांना गुरुत्वाकर्षण धरून ठेवतं. आणि माणूस, टेबल, तुमचा टेप यांची पकड तर त्याहून घट्ट. ते काही विश्वामुळे ताणले जात नाहीत."

"मग जेवणामुळे," मास्तर म्हणाले.

प्राध्यापक पँट तिथेच टाकून, तोंड पाडून निघून गेले.

मास्तरांची बायको आतून ऐकत होती. तिनं मास्तरांच्या गळ्यातला जुना टेप काढला आणि तिनंच नुकत्याच आणलेल्या नव्या टेपशेजारी धरला.

"अहो, बघा! तुमचे छत्तीस म्हणजे नव्याचे अडतीस. ओढून ओढून ताणलाय हा. इतकी वर्षं माप आणि कापणी दोन्ही यानंच व्हायची, म्हणून खपून गेलं. या वेळी माप यानं घेतलंत, कापड नव्या टेपनं मोजून कापलंत!"

मास्तर खजील झाले. पण कबूल करायचं म्हणजे तीस वर्षांचं नाक कापून हातात द्यायचं. त्यांनी गुपचूप पँट दोन इंच सैल केली आणि घरपोच धाडली. तिकडे प्राध्यापकांनी गोड, तळलेलं आणि रात्रीचं जेवण सोडलं होतं. व्याख्यानाच्या दिवशी पँट झर्रकन चढली, तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की ते पट्टा लावायचंच विसरले.

मास्तर पहिल्या रांगेत पँटवर नजर ठेवून बसले होते.

"अफाट अंतरावर प्रसरण जिंकतं!" प्राध्यापकांनी दोन्ही हात फैलावले. "पण जवळच्या अंतरावर..."

पँट गुडघ्यावर आली.

"...गुरुत्वाकर्षण!" ती सावरत ते ओरडले. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. सगळ्यांना तो प्रयोगच वाटला.

मास्तरांना राहवलं नाही. पडद्यामागे गाठून त्यांनी पँट गुपचूप सैल केल्याचं कबूल केलं आणि नव्या टेपनं कंबर मोजली. छत्तीस.

"एवढी उपासमार करून छत्तीसच?" प्राध्यापक रडकुंडीला आले. "तेवढी तर आधीच होती!"

मास्तरांनी घाईघाईनं गळ्यातला जुना टेप लावला. चौतीस.

प्राध्यापकांचा चेहरा खुलला. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चूक माफ. पण यापुढे माझं माप यानंच घ्यायचं. आणि हे बघा, आमच्या हिच्यासमोर घ्यायचं."